पुरणयंत्रातून निघालेलं सूप

मराठी खाद्यपदार्थांवर हल्ली भरभरून लिहिलं जातं. कोकण, वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा, सारस्वत, सीकेपी, पाठारे प्रभू, प्रत्येकाच्या स्वयंपाकाची नोंद होते आहे आणि ती व्हायलाच हवी. पण या सगळ्यात एक स्वयंपाक मला कुठेच सापडत नाही, आणि आमची अख्खी पिढी तर त्यावर वाढली. टोमॅटोचं सूप, बेक्ड व्हेजिटेबल, रशियन सॅलड, ब्रेड पुडिंग, कॅरमल कस्टर्ड, अननसाचं सुफले. पुण्यामुंबईपासून नागपूर, इंदूर, बडोद्यापर्यंत जिथे जिथे मराठी मध्यमवर्गीय संसार होते, तिथे साधारण १९६० ते १९९० या काळात हे पदार्थ होत होते. वाढदिवसाला, भिशीला, वडिलांचे साहेब जेवायला येणार असले की, एखाद्या रविवारी रात्री सहज, आणि घरात कुणी तापानं पडलं की.

यातलं काहीच आमच्या आज्यांना येत नव्हतं. बहुतेकींच्या आयांनी लग्नाआधी ओव्हन पाहिलेलाही नव्हता. युरोपात जाऊन आलेलं नात्यागोत्यात कुणी नसायचं, असलंच तर त्याला स्वयंपाकातलं काही सांगता यायचं नाही. तरीही या बायकांनी हे पदार्थ शिकून घेतले आणि आपल्या भांड्यांत, आपल्या रेशनात, आपल्या घरातल्या सोवळ्याओवळ्यात नीट बसवले. म्हणून मी याला मराठी स्वयंपाकच म्हणते.

सुरुवात व्हाइट सॉसपासून करते, कारण एखादीला 'इंग्लिश पदार्थ' येतात की नाही याची परीक्षा तिथेच व्हायची. फ्रेंच स्वयंपाकात याला बेशामेल म्हणतात आणि तिथल्या मूळ सॉसांमध्ये त्याची गणना होते. आपल्याकडच्या वह्यांमध्ये तो 'व्हा. सॉस' एवढाच लिहिलेला असे आणि त्यापुढे प्रमाण. एक कप दुधाला एक टेबलस्पून लोणी आणि एक टेबलस्पून मैदा घेतला की पातळ सॉस, तो सुपासाठी. दोन-दोन घेतले की मध्यम, तो भाज्यांवर घालायला. तीन-तीन घेतले की घट्ट, त्यात भाज्या कालवून कटलेट वळता यायची. हे तीन आकडे ज्यांना पाठ होते त्यांना निम्मं पुस्तक येत होतं.

करायची रीत अशी. जाड बुडाच्या पातेल्यात लोणी वितळवायचं, त्यात मैदा घालून मंद आचेवर परतायचा. कच्चा वास गेला पाहिजे, पण रंग बदलता कामा नये. शिऱ्याचा रवा खमंग भाजायची सवय असलेल्या हाताला इथे वेळेवर थांबणं फार जड जायचं. मैद्याचा कण न् कण लोण्यात माखला की तो शेजारच्या कणाला चिकटत नाही, मग दूध पडल्यावर प्रत्येक कण सुटा सुटा फुगतो आणि सॉस एकजीव होतो. हे कारण वहीत लिहिलेलं नसे. तिथे फक्त आज्ञा असे: पातेलं खाली उतरवणे, गार दूध थोडं थोडं घालणे, एका दिशेने ढवळणे, गुठळी होऊ देऊ नये. मग पातेलं परत आचेवर चढवून ढवळत ढवळत उकळी आणायची, कारण उकळी आल्याशिवाय मैदा शिजत नाही आणि सॉसही दाटत नाही. झाला की नाही हे बघायला आई चमचा सॉसात बुडवून त्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढायची. रेघ मिटली नाही की गॅस बंद. गुठळी राहिलीच तर चहाची गाळणी हाताशी असायची.

वर मीठ आणि मिरपूड. पांढरी मिरी कोणाकडे असायची? काळीच कुटून घालायची, सॉसावर ठिपके दिसले तरी चालायचे. युरोपात या सॉसात थोडं जायफळ किसून घालतात. जायफळ तर आपल्या प्रत्येक घरात होतं. पण ते पुरणपोळीचं आणि श्रीखंडाचं. मिठाच्या पदार्थात ते किसायला कुणाचा हात धजला नाही, आणि माझ्या मते आपला सॉस त्यामुळे जरा सपक राहिला.

या सॉसाचं खरं चीज व्हायचं ते बेक्ड व्हेजिटेबलमध्ये. पुण्यात श्रावणघेवडा, मुंबईत फरसबी, शिवाय गाजर, मटार, फ्लॉवर, बटाटा. सगळं एका मापानं चिरायचं, मिठाच्या पाण्यात बोटचेपं शिजवायचं आणि ते पाणी राखून ठेवायचं. दूध कमी असलं की सॉसात निम्मं हेच पाणी जायचं. चव उलट वाढायची. पसरट भांड्याला लोण्याचा हात फिरवून त्यात भाज्या, त्यावर सॉस आणि वर किसलेलं चीज. अमूलचं चीज गोल पत्र्याच्या डब्यात मिळत असे आणि मध्यमवर्गाला ते महागच होतं. एक डबा तीन-चार वेळा पुरवायचा असे. म्हणून मग शिळ्या पावाचा चुरा लोण्यावर परतून चीजमध्ये मिसळायचा आणि वर पसरायचा. भाजून निघालं की हाच थर सगळ्यांत आधी संपायचा, कडेचा खरपूस भाग कुणाला यावरून पानावर भांडणं व्हायची. पुढे कळलं की फ्रान्समध्येही अशा भाजीवर पावाचा चुरा घालतात, त्यावरच तर हॉटेलातलं ते ऑग्रातीन उभं आहे. काटकसर करता करता आमच्या आया अगदी मूळ रीतीपाशी जाऊन पोहोचल्या होत्या.

ओव्हन मात्र सगळ्यांकडे नव्हता. सुरुवातीला जाड कढईत वाळू तापवायची, तीत भांडं बसवायचं आणि वरच्या झाकणावर निखारे ठेवायचे. केकही असाच व्हायचा. मग तो झाकणाला मध्ये काच असलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला. आच कमी-जास्त करायचं बटण त्याला नसायचं. काचेतून बघायचं, वास घ्यायचा आणि अंदाजानं प्लग काढायचा. ज्यांच्याकडे तो होता त्यांच्याकडून तो शेजारीपाजारी फिरायचा. आमच्या इमारतीत तर एकाच ओव्हनवर दोन मजल्यांचे वाढदिवस निघत.

इंधनाचा विचार तेव्हा प्रत्येक पदार्थामागे होता. बर्मा शेलनं १९५५ मध्ये मुंबईत बर्शेन गॅस आणला, पण छोट्या गावांत तो पोहोचायला वेळ लागला आणि नंबर लावल्यावर सिलिंडर मिळायला वर्षं जात. तोवर वातीचा नाहीतर पंपाचा स्टोव्ह आणि रॉकेलची रांग. म्हणूनच प्रेशर कुकर हे या स्वयंपाकातलं सगळ्यांत मोठं साधन ठरलं. हॉकिन्स १९५९ मध्ये सुरू झालं, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत कुकर नसलेलं घर शहरात दुर्मीळ झालं. खाली वरण, वर भात आणि तिसऱ्या डब्यात सुपाच्या भाज्या, एवढं तीन शिट्ट्यांत व्हायचं. सुपासाठी वेगळं जळण लागत नाही म्हटल्यावर सासूबाईंचीही हरकत उरत नसे.

सूप आमच्याकडे आलं ते आजाऱ्याच्या खोलीतून. कावीळ, टायफॉइड, ऑपरेशननंतरचे दिवस, डॉक्टर सांगायचे पातळ काहीतरी द्या, आणि पेज, मऊ भात, मुगाचं कढण या ओळीत गाजर-टोमॅटोचं सूप येऊन बसलं. बरं झालेल्या मुलानं दुसऱ्या आठवड्यात ते परत मागितलं आणि मग ते सगळ्यांसाठीच व्हायला लागलं.

चार-पाच लालबुंद टोमॅटो, रंगाला एक गाजर, बिटाची एक फोड, एक कांदा आणि दाटपणाला छोटा बटाटा नाहीतर मूठभर मसुराची डाळ. सेलरी मिळायची ती मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला, एरवी तिच्या जागी कोथिंबिरीचे देठ. चार मिरी, दालचिनीचा तुकडा, तमालपत्र. सगळं कुकरात मऊ झालं की मसाला वेचून काढायचा आणि पुरणयंत्र मांडायचं. होळीला आणि श्रावणात निघणारं हे यंत्र या बायकांनी बारमाही केलं. हातानं दांडा फिरवत गेलं की गर खाली पडतो आणि टोमॅटोची सालं, बिया जाळीवर राहतात. पुढे मिक्सर आले आणि हे काम मिनिटात व्हायला लागलं. पण मिक्सरमध्ये बियाही वाटल्या जातात आणि हवा घुसून सुपाचा लाल रंग फिका नारिंगी होतो. मिक्सरमधून काढून पुन्हा गाळावं लागतंच. पुरणयंत्राच्या सुपाला जो अंगचा दाटपणा आणि रंग होता तो मिक्सरच्या सुपाला नाही, हे मी आजही सांगेन.

आता यात व्हाइट सॉस घालायचा तर टोमॅटोच्या आंबटपणानं दूध फाटायचा धोका. त्याची युक्ती प्रत्येकीनं दुसरीला कानात सांगितल्यासारखी सांगितली. दोन्ही गरम असू देत. टोमॅटोत सॉस ओतू नकोस, सॉसात टोमॅटो थोडा थोडा घाल. टोमॅटोत आधी चिमूटभर खायचा सोडा टाक. आणि एकत्र केल्यावर उकळू नकोस, लगेच वाढ. चमचाभर साखर सगळ्याच घालत, काही घरांत गूळ. वर लोण्याचा गोळा आणि तुपात तळलेले पावाचे चौकोनी तुकडे. ते तुकडे प्रत्येकाला मोजून मिळत, कारण नाहीतर सूप येण्याआधीच फस्त व्हायचे. सुपाचे वाडगे पुढे आले. आम्ही सूप प्यायलो ते चहाच्या कपांतून, ताटाशेजारी कप मांडून.

आजी म्हणायची, हे सारच की. टोमॅटोचं सार ती करायची, नारळाचं दूध घालून, वर तुपाची जिऱ्याची फोडणी आणि कढीपत्ता. मला वाटतं या नव्या स्वयंपाकात जे खरोखर नवं होतं ते फोडणीचं नसणं. साधं वरण सोडलं तर रोजच्या स्वयंपाकात मोहरी तडतडल्याशिवाय तिखटामिठाचा पदार्थ पुरा होत नाही, आणि इथे हिंग नाही, हळद नाही, मोहरी नाही. भाजीची चव भाजीची म्हणून लागायला हवी, हा विचार त्या सुपानं आणि त्या बेक केलेल्या फ्लॉवरनं घरात आणला. ज्यांना ते पचलं नाही त्यांनी सुपावर फोडणी ओतली. तेही छान लागायचं, कुणी वाद घातला नाही.

भाज्यांचं म्हणाल तर त्यांच्यात परकं काही राहिलंच नव्हतं. महाबळेश्वरला इंग्रजांनी थंड हवेचं ठाणं वसवल्यावर १८३४ ते १८६४ या काळात तिथे चिनी कैद्यांचा तुरुंग होता. त्या कैद्यांनी मळे करून इंग्रजी बटाटे आणि इतर विलायती भाज्या पिकवल्या. आमच्या लहानपणापर्यंत सासवड-पुरंदरचा मटार, मंडईतला फ्लॉवर, गाजराचे ढीग, हे सगळं थंडीत स्वस्त होतं. थंडीच्या भाज्या स्वस्त झाल्या की बेक्ड व्हेजिटेबल, उन्हाळ्यात कस्टर्ड आणि जेली, असा या स्वयंपाकाचाही ऋतू ठरून गेला होता.

गोड पदार्थांकडे आलं की अंड्याचा प्रश्न येतो. मूळ कस्टर्ड म्हणजे दूध, साखर आणि अंडी. ते शाकाहारी मराठी घरात शिरलंच नसतं. शिरलं ते इंग्लंडमधल्या एका औषधविक्रेत्यामुळे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला अंडी सोसत नसत, म्हणून त्यानं १८३७ साली मक्याच्या पिठावर चालणारी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली. एका घरातल्या पथ्याची सोय शे-सव्वाशे वर्षांनी सदाशिव पेठेतल्या आणि दादर-गिरगावातल्या घरांना उपयोगी पडली. आमच्याकडे ब्राउन अँड पोल्सनचा डबा असायचा, नाहीतर वीकफील्डचा. वीकफील्ड तर पुण्याचंच, १९५६ साली सुरू झालेलं. गवळ्याचं दूध, मंडईतली फळं आणि पुण्यात तयार झालेली पावडर. यात विलायतेहून आली ती फक्त कृती.

कस्टर्डकडे दिखाऊपणा म्हणून पाहणाऱ्यांनी त्या काळचा दुधाचा हिशेब आठवावा. बासुंदी करायची तर निदान दोन लिटर दूध हवं, ते तासभर आटवायचं आणि इंधन जाळायचं. मुंबईत आरेच्या केंद्रावर पहाटे बाटल्या घेऊन रांग लावावी लागे, आणि कार्डावर जेवढं लिहिलेलं तेवढंच दूध मिळे. साखर रेशनची. अशा दिवसांत अर्धा लिटर दूध, दोन टेबलस्पून पावडर, चार चमचे साखर आणि घरात असतील ती फळं एवढ्यात सहा माणसांचं पक्वान्न होत असेल तर कुठली गृहिणी ते करणार नाही? आपल्या आयांनी कस्टर्ड उचललं ते डोळसपणे. पाहुण्यांपुढे गोड ठेवायचं ही रीत त्यांनी मोडली नाही, महिन्याचं दूधही मोडलं नाही.

त्यातही बारकावे होतेच. पावडर गार दुधातच कालवायची, गरम दुधात टाकली की गोळे. उकळत्या दुधात ते ओतून दोन मिनिटं ढवळायचं आणि गार होताना साय धरू नये म्हणून मधूनमधून हलवत राहायचं. सफरचंद आणि चिकू आधी, द्राक्षं गोड असतील तरच, संत्रं अजिबात नाही. केळं अगदी वाढायच्या आधी, नाहीतर काळं पडतं. डाळिंबाचे दाणे वरून. आंब्याच्या दिवसांत बाकी काही नको, फक्त हापूसच्या फोडी. पुढे हेच फ्रूट सॅलड लग्नाच्या पंगतीत आलं आणि लोक ते पुरीबरोबर खायला लागले. केशरी-पिवळं कस्टर्ड आणि टम्म फुगलेली पुरी ही जोडी कुठल्याही इंग्रजाला सुचली नसती. ती आपली.

ज्या घरांत अंडं चालायचं, किंवा मुलांच्या तब्येतीसाठी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालवून घेतलं जायचं, तिथे कॅरमल कस्टर्ड हा मानाचा पदार्थ होता. त्यासाठी एक भांडं, एक चमचा आणि एक काटा वेगळा ठेवलेला असे, गॅलरीतल्या फळीवर. आजी दुपारी कीर्तनाला गेली की बेत. आजीला ते ठाऊक असायचं आणि ती घरी परतताना जिन्यातूनच मोठ्यानं हाक मारायची. एकमेकींचा मान राखायची ही रीत मला त्या पदार्थाइतकीच मोलाची वाटते.

कॅरमल कस्टर्ड कुकरात व्हायचं. पत्र्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या डब्यात तीन चमचे साखर कोरडीच आचेवर धरायची. आधी कडेनं वितळते, मग सोनेरी, मग मधाचा रंग. तिथे थांबलं तर नुसतीच गोड, एक क्षण जास्त झाला तर कडू. तांबूस-तपकिरी रंग आला की सांडशीनं डबा धरून फिरवायचा, म्हणजे पाक बुडाला सगळीकडे लागतो. तो पाक गार होताना तडकतो, टक् टक् आवाज येतो. अर्धा लिटर कोमट दुधात साखर विरघळवायची, तीन-चार अंडी काट्यानं हलकेच मोडायची, फेस येऊ द्यायचा नाही, मग दूध आणि अंडी एकत्र करून गाळून डब्यात. दोन थेंब व्हॅनिला इसेन्स, तेवढ्यानं अंड्याचा वास झाकला जायचा. झाकणावर कागद बांधायचा, म्हणजे वाफेचं पाणी आत पडत नाही. कुकरात खाली पाणी, शिटी काढून ठेवलेली, आच मंद. पंचवीसेक मिनिटांनी सुरी टोचून बघायची, कोरडी निघाली की झालं. आच मोठी ठेवली तर अंडं घट्ट आवळतं, पाणी सुटतं आणि आत जाळी पडते. ढोकळ्याला जाळी पडली तर कौतुक, इथे पडली तर कस्टर्ड बिघडलं. गार झाल्यावर ताटलीत उपडं करायच्या क्षणी सगळं घर ओट्यापाशी जमायचं. डबा उचलला की वर तपकिरी टोपी आणि भोवती पातळ पाक. उरलेली साखर डब्याला चिकटलेली असे, त्यात गरम पाणी घालून तेही कुणीतरी पिऊन टाके.

इथे पारशी आणि गोवेकर शेजाऱ्यांचं देणं मान्य करायला हवं. पारशांच्या लगनच्या कस्टर्डमध्ये वेलची-जायफळ आणि वर सुका मेवा असतो. मुंबईतल्या मराठी घरांत ब्रेड पुडिंगवर जायफळ आणि चारोळ्या येऊ लागल्या त्या तिथून, असं मला वाटतं. गोव्यात ही कहाणी फार जुनी. तिथल्या ख्रिस्ती घरांत सूप आणि पुडिंग शतकानुशतकं रोजच्या जेवणाचा भाग आहेत. पोर्तुगालचं काल्दो व्हेर्दे तिथल्या हिरव्या पानांचं, गोव्यात त्याच सुपात पालक पडला.

फ्रिज आला आणि थंड पुडिंगांचं दार उघडलं. गोदरेजनं १९५८ पासून फ्रिज बनवायला सुरुवात केली, तरी आमच्यासारख्यांच्या घरी तो यायला सत्तरीचं दशक उलटावं लागलं. मग जेली, बिस्किटांचे थर दिलेलं चॉकलेट पुडिंग, ट्रायफल, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे अननसाचं सुफले. मिल्कमेडचा डबा, डब्यातला अननस, फेटलेली साय. जमवायला जिलेटिन लागतं, आणि ते प्राण्यांपासून होतं हे कळल्यावर शाकाहारी घरांनी चायना ग्रास घेतलं, समुद्रातल्या शेवाळापासून होणारं. ते पाण्यात भिजवून, उकळून, पूर्ण विरघळवून गरम असतानाच मिसळायचं, गार व्हायच्या आत, कारण ते फ्रिजबाहेरही पटकन जमतं. ताजा अननस घालून ज्यांनी जिलेटिनचं सुफले केलं त्यांचं रात्रभर पातळच राहिलं. कच्च्या अननसात ब्रोमेलिन नावाचं द्रव्य असतं, ते जिलेटिनला जमू देत नाही. अननस आधी साखरेत शिजवून घेतला की जमतं. चायना ग्रासला ही अडचण येत नाही. पुढे घरच्या आइस्क्रीमची लाट आली, जीएमएस आणि सीएमसी या दोन पावडरी किराणा दुकानात सुट्या पुड्यांत मिळायला लागल्या. एरवी रसायनशास्त्राचं नाव न काढणाऱ्या बायका त्यांची प्रमाणं चिमटीत मोजायच्या.

हे सगळं त्या शिकल्या कुठे? थोडं छापील मजकुरातून. 'स्त्री', 'माहेर', 'मेनका' यांसारख्या मासिकांतल्या कृती कापून वहीत चिकटवलेल्या असत. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० मध्ये आली आणि तिनं वाटी-चमच्याचं माप घरोघर नेलं. औंस आणि पौंडांतल्या विलायती कृती आपल्या वाटीत उतरवायचं धाडस पुष्कळजणींना त्यानंतर आलं. मुंबईत १९५४ पासून केटरिंग कॉलेज होतं. तिथल्या प्राचार्य थंगम फिलिप यांचं इंग्रजी पुस्तक, 'मॉडर्न कुकरी', ज्यांना इंग्रजी वाचता येई त्यांच्या कपाटात दिसे. आकाशवाणीवर 'वनिता मंडळ', १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर 'सुंदर माझं घर'. कृती सांगितली जात असताना मुलांना गप्प बसवून कॅलेंडरच्या मागे, बिलाच्या पाठीवर भराभरा लिहून घेतलं जायचं. आणि सगळ्यांत जास्त शिक्षण झालं ते पाककलेच्या वर्गांत. गल्लोगल्ली कुणीतरी ताई किंवा काकू आपल्या स्वयंपाकघरात दुपारी दोन ते चार वर्ग घ्यायच्या. दहा-बारा जणी, प्रत्येकीच्या हातात वही. एकजण करायची, बाकीच्या बघायच्या आणि शेवटी चमचा-चमचा चाखायच्या.

त्या दुपारींचं मोल मला आता जास्त कळतं. सणावाराच्या स्वयंपाकात सासूचा शब्द शेवटचा असायचा. पुरण किती शिजवायचं, मोदकाला पाऱ्या किती, सगळं ठरलेलं. बेक्ड व्हेजिटेबल मात्र सुनेचं होतं. ते तिनं स्वतः शिकलेलं, तिचं प्रमाण, तिचा अंदाज. त्यात चुकलं तर तिचं आणि साधलं तर तिचं. घरातल्या ओट्यावर एवढी जागा तिला या पदार्थांनी मिळवून दिली, आणि तिच्या वहीत 'सौ. मावशींकडून', 'वर्गात शिकवलेले', 'चांगले होते, साखर कमी घालणे' अशा ज्या नोंदी दिसतात, त्यात तिचा स्वतःचा आवाज आहे.

नव्वदीनंतर चित्र पालटलं. पाकिटातलं सूप आलं, ओव्हन-टोस्टर-ग्रिलर आले, १९९३ मध्ये टीव्हीवर 'खाना खजाना' सुरू झालं, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायला लागलं. आजच्या मुली बेशामेल आमच्या आयांपेक्षा सरस करतात, जायफळही घालतात. त्याचा मला आनंदच आहे. खेद एवढाच की मधल्या तीस वर्षांचा हा स्वयंपाक जुना म्हणून जपला गेला नाही आणि नवा म्हणून टिकला नाही. हॉटेलात तो मिळत नाही, पुस्तकांत विखुरलेला आहे, आणि ज्या हातांना तो येतो ते आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. घर बदलताना, माळा रिकामा करताना आईची किंवा सासूबाईंची ती तेलकट डागांची वही रद्दीत घालू नका. पानं सुटली असतील तर क्रमानं लावा, मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा. 'थोडा', 'अंदाजे', 'नेहमीप्रमाणे' असं जिथे लिहिलं असेल तिथे त्यांना समोर बसवून विचारा आणि त्यांची वाटी प्रत्यक्ष मोजा, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी. कुठल्या वर्गात शिकलात, कुणी शिकवलं, घरात पहिल्यांदा कधी केलंत, तेही शेजारी लिहून ठेवा. आणि येत्या थंडीत, मटार स्वस्त झाला की, एकदा त्यांच्या हाताखाली उभं राहून ते बेक्ड व्हेजिटेबल करून घ्या.